एमएक्स-५ ठेवायची की बदलायची : सिलच्या गंजापासून निर्णयापर्यंतच्या नोंदी

गाडी : माझदा एमएक्स-५, दुसरी पिढी, २००२ सालची, १.८ लिटर, पाच गिअर, दोन सीट, कापडी टप. २०१४ मध्ये १,६५० पौंडांना घेतली तेव्हा ७१,००० मैल झाले होते, आज १,१८,००० आहेत. ठिकाण : कॉव्हेंट्री, इंग्लंड. गॅरेज नाही. घरासमोर एका गाडीपुरती जागा आणि तिच्यावर शेजारच्या सिकॅमोर झाडाची फांदी. फांदीचा उल्लेख मुद्दाम केलाय, तिचा संबंध पुढं येईल.

अशीच अडचण असलेल्या दुसऱ्या कुणाला उपयोग व्हावा म्हणून तारखा आणि खर्च जसे झाले तसे लिहून ठेवतोय.

२ सप्टेंबर २०२३, शनिवार

एमओटी, म्हणजे इथली वार्षिक तपासणी, पास झाली. कागदावर एक शेरा आला : डावी सिल, मागच्या चाकाजवळ गंज. सिल म्हणजे दाराखालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारी पत्र्याची पोकळ पेटी. गाडीला वर पत्र्याचं छप्पर नाही, त्यामुळे सगळा भार खालच्या सांगाड्यावर आणि त्यात या दोन पेट्या मुख्य. शेरा म्हणजे नापास नव्हे, 'लक्ष ठेवा' एवढंच. पण हाच शेरा मागच्या वर्षीही होता आणि मी वर्षभर काहीही केलं नव्हतं.

दुसरी गोष्ट याच आठवड्यातली. सोनोग्राफी झाली, सगळं ठीक आहे, फेब्रुवारीच्या शेवटी बाळ येईल. घरात हीच एक गाडी. बायको म्हणाली, "विक म्हणत नाहीये मी. फक्त आपण तिघं कुठं बसणार ते सांग."

मी लगेच लॅपटॉप उघडून गाड्यांच्या जाहिराती बघायला लागलो. तीन रात्री त्यात गेल्या. दुसऱ्यांच्या गाड्यांचे पन्नासएक फोटो बघितले, स्वतःच्या गाडीखाली मात्र एकदाही वाकून बघितलं नाही. ही पहिली चूक. हातातली गाडी नेमकी कशी आहे हे माहीत नसताना दुसऱ्या गाड्यांचे भाव बघून काही ठरत नाही.

९ सप्टेंबर, शनिवार

गाडी जॅकवर घेतली. या गाडीत जॅक लावायच्या मधल्या जागा दोन : मागं डिफरन्शियल, म्हणजे मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी, आणि पुढं सबफ्रेमचा आडवा दांडा. चार स्टँड लावले, हलवून बघितली, मगच खाली गेलो.

बाबा साताऱ्याला एसटीच्या डेपोत ३१ वर्षं मेकॅनिक होते. त्यांना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन चाकाशी टेकवून ठेवला. ते म्हणाले, "हलका पाना घे आणि पुढून मागं ठोकत ये. घाई नको." पुढच्या चाकापासून सुरुवात केली. टण्ण, टण्ण, टण्ण, दाराच्या मध्यापर्यंत तोच आवाज. मागच्या चाकापासून वीतभर अलीकडे आलो आणि आवाज बदलला. थप. ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा.

"थांब. तिथंच पुन्हा ठोक."

पुन्हा थप.

"पत्रा मेलाय तिथं. आत किती मेलाय ते बाहेरून कळायचं नाही. उघडल्याशिवाय विकूही नको आणि ठेवूही नको."

साडेचार हजार मैलांवरून, फोनवर ऐकून त्यांनी जे सांगितलं ते पुढं तंतोतंत खरं निघालं. या सगळ्या नोंदींत कामाचं एकच वाक्य निवडायचं तर मी हेच निवडीन.

मग पाणी कुठून येतं ते शोधलं. टपावरून ओघळणारं पाणी सीटांच्या मागं, कापडाखाली असलेल्या एका पन्हळीत पडतं. तिथून ते दोन्ही बाजूंना सीटबेल्टच्या खांबामागच्या भोकात जातं आणि मागच्या चाकाच्या जरा पुढं, गाडीखालून बाहेर पडतं. भोक तुंबलं की पाणी सीटमागच्या गालिच्यात आणि सिलच्या पोटात साठतं. उजव्या भोकात पाव लिटर पाणी ओतलं, खाली धार लागली. डाव्या भोकात ओतलं, खाली एक थेंब नाही. पाणी वरच उभं राहिलं.

इथं दुसरी चूक केली. कपड्यांच्या हँगरची तार सरळ करून आत खुपसली. तारेचं टोक धारदार असतं, आतली रबरी नळी फाटू शकते. नशिबानं फाटली नाही. नंतर गवत कापायच्या यंत्राची जाड नायलॉनची दोरी दीड मीटर कापून घेतली, टोक मेणबत्तीवर गोल केलं आणि हळूहळू फिरवत सोडली. तिसऱ्या वेळी काहीतरी सुटलं. आधी काळा चिखल पडला, त्यात सिकॅमोरच्या पानांचे देठ आणि पंखासारख्या बिया होत्या, आणि मग जवळजवळ दोन तांबे पाणी. वास डबक्याचा. किती दिवस ते पाणी आत होतं, देव जाणे.

नऊ वर्षांत ही भोकं मी एकदाही साफ केली नव्हती. वर्षातून दोनदा, पाच मिनिटांचं काम आहे. तेल वेळेवर बदललं, टायर चांगले घातले, दर रविवारी धुऊन पुसून ठेवली आणि जे दिसत नव्हतं तिकडं लक्षच दिलं नाही. याची टोचणी अजून आहे.

वेळ : सहा तास. खर्च : शून्य.

१६ सप्टेंबर, शनिवार

थप आवाज आलेल्या जागेवरचा काळा लेप खरवडला. खाली पत्रा नव्हताच. फायबरची जाळी आणि लांबी (पुट्टी) भरून वर काळा लेप मारलेला होता. जुनं काम आहे, मी घ्यायच्याही आधीचं. अंगठ्यानं दाबलं तर लांबीचा तुकडा आत पडला आणि मागोमाग गंजाचे पापुद्रे गळायला लागले. डाळीच्या पोत्याला भोक पडावं तसे. हाताचा तळवा जाईल एवढी जागा मोकळी झाली तेव्हा थांबलो.

उजवी सिल ठोकून बघितली. बरी, पण मागच्या टोकाला फुगवटा. म्हणजे तीही एक-दोन वर्षांच्याच वाटेवर.

या पिढीच्या गाडीत आणखी एक जागा बघावीच लागते : पुढचे चासीचे दांडे, अँटी-रोल बारच्या (वळणात गाडी कलू न देणाऱ्या सळीच्या) मागं. ते दुपदरी आहेत, दोन पदरांमध्ये मीठपाणी जातं आणि बाहेरून चांगले दिसत असताना आतून खातं. इथं बर्फ धरू नये म्हणून हिवाळाभर रस्त्यांवर चेशरमधल्या विन्सफर्डच्या खाणीतलं खडेमीठ टाकतात, त्याचा परिणाम. माझे दोन्ही दांडे टणटणीत वाजले. वरवरचा तांबूस गंज होता, तारेच्या ब्रशनं गेला. ही मोठी सुटका. दांडे गेले असते तर पुढच्या नोंदी लिहायची वेळ आली नसती.

३० सप्टेंबर, शनिवार

दोन आठवड्यांत तीन ठिकाणी गाडी दाखवली.

पहिल्यानं खाली वाकून बघितलं आणि हात लावणार नाही म्हणाला. भंगारात द्या, किंवा आहे तशी ८५० पौंडांना मी घेतो. (हा ८५० चा आकडा पुढच्या हिशोबात लागेल.)

दुसरा म्हणाला ६०० पौंड, दोन्ही बाजूंना बाहेरून पत्रा मारून देतो, दोन दिवसांत. मला ते पटलं होतं. बयाणा द्यायला निघालोही होतो. बाबांनी अडवलं. "बाहेरून पत्रा म्हणजे जखमेवर सदरा," म्हणाले.

तिसरा गावाबाहेर शेडमध्ये एकटा काम करतो, बहुतेक याच गाड्यांचं. त्यानं अर्धा तास दिला आणि दुसऱ्या एका गाडीची कापलेली सिल हातात दिली. सिल एक नसते, तीन पदर असतात : बाहेरचा दिसणारा, मधला मजबुतीचा आणि आतला. ओल मधल्या पदरात राहते. बाहेरचाच बदलला तर दोन हिवाळ्यांत नवा पत्राही फुगून येतो. शिवाय ही जागा मागच्या सस्पेन्शनच्या आणि सीटबेल्टच्या बांधणीजवळ आहे, आणि अशा बांधणीपासून ३० सेंटिमीटरच्या आत ताकद गेलेला पत्रा एमओटीत चालत नाही. म्हणजे पुढच्या सप्टेंबरात ती नापासच. त्याचा भाव १,१५० पौंड, दोन्ही बाजू, तिन्ही पदर. पुढं लगेच म्हणाला, उघडल्यावर वाढू शकतो.

त्याच्याकडं पत्र्याचे तयार तुकडे रांगेत टांगलेले होते. १९८९ ला पहिली गाडी आली आणि २०१६ मध्ये दहा लाखावी तयार झाली, त्यामुळे या गाडीला लागणारे बहुतेक भाग आजही मिळतात, तेही परवडतील अशा किमतीत. जुनी स्पोर्ट्स गाडी ठेवायची की नाही हे ठरवताना हा मुद्दा वेगाच्या मुद्द्यापेक्षा मोठा आहे.

त्याच्याकडं नंबर लावला. २० नोव्हेंबर मिळाला.

७ आणि १५ ऑक्टोबर

दरम्यान दुसऱ्या गाड्या चालवून बघितल्या. आधी अट ठरवली : बाळाची सीट सोबत न्यायची आणि प्रत्यक्ष बसवायची. लेस्टरच्या मित्राकडून मागं तोंड करून बसवायची सीट उसनी आणली.

आधी आपल्याच गाडीचं सांगतो. इथल्या कायद्यानं, समोर एअरबॅग चालू असेल तर पुढच्या सीटवर मागं तोंड असलेली बाळाची सीट लावता येत नाही. नव्या नियमाच्या सीटमध्ये बाळ किमान पंधरा महिन्यांचं होईपर्यंत मागंच तोंड करून बसतं. एअरबॅग बंद केली तरी बाळ आणि एक जण, एवढंच. दवाखान्यातून घरी येताना आई कुठं बसणार? या एका प्रश्नावर माझी 'काहीतरी जमवू' ही भाषा संपली.

टोयोटा जीटी८६, २०१३ ची. मागं दोन सीट आहेत म्हणून मन तिकडं ओढत होतं. चालवायला फार सुंदर. बाळाची सीट मागं बसली, पण मग पुढची सीट इतकी पुढं न्यावी लागली की बायकोचे गुडघे डॅशबोर्डला टेकले, आणि वाकून बाळाला आत ठेवता येईल अशी ती उंचीच नव्हती. आपलं मन राखायला घेतलेली गाडी घरच्यांची सोय करेलच असं नाही. सोडून दिली.

फोक्सवॅगन गोल्फ. व्यवस्थित. सगळं बसलं. काही खटकलं नाही, परत गेल्यावर काही आठवलंही नाही.

होंडा जॅझ, २०१२ ची, १.४. ही मी बघणारच नव्हतो, बायकोनं यादीत घातली. पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली आहे, त्यामुळे मागच्या सीटची बैठक थिएटरमधल्या खुर्चीसारखी वर उचलते आणि खाली सपाट, खोल जागा होते. बाबागाडी घडी न करता उभी राहिली. सीट उंच, दार मोठं. बायकोनं बाळाची सीट एका हातानं आयसोफिक्सच्या, म्हणजे बाळाची सीट अडकवायच्या, कड्यांत टक् करून बसवली आणि माझ्याकडं बघितलं. बाबांचे गुडघे गेल्या वर्षीपासून दुखतात, त्यांनाही यात वाकावं लागणार नाही हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं.

२२ ऑक्टोबर, रविवार

मागचा डावा ब्रेक धरून ठेवत होता. दहा मैल चालवून चाकाला हात लावला तर चटका. मागच्या कॅलिपरमध्येच, म्हणजे ब्रेकच्या चिमट्यातच, हँडब्रेकची यंत्रणा असते आणि ती मिठानं जाम होते. पिस्टन दाबून मागं जात नाही, कॅलिपरच्या मागचा बोल्ट काढून आत ४ मिलिमीटरची ॲलन की फिरवावी लागते. मी झिजलेली की वापरली आणि खोबणीच गोल करून ठेवली. एक तासाचं काम दिवसभर चाललं, शेवटी दोन्ही कॅलिपर दुरुस्त केलेले मागवले. कॅलिपर १४०, पॅड आणि ब्रेक ऑइल ४०. एकूण १८० पौंड.

हा खर्च चुकीच्या वेळी झाला. सिल दुरुस्त होईल की नाही हे माहीत नसताना ब्रेकवर पैसे घातले. खरं सांगायचं तर हातात पाना असला की ठरवायचं काम पुढं ढकलता येतं, म्हणून मी ते काम काढलं होतं. ज्याला असंच वाटतंय त्यानं आधी पत्र्याचं काम करावं, बाकी सगळं नंतर.

२४ ऑक्टोबर, दसरा

सकाळी आईचा फोन. "मुहूर्त चांगला आहे, नवीन घ्यायची तर आजच घेऊन टाका." जॅझ अजून विकायला होती, पैसेही होते. घेतली नाही. घाईनं घेतली असती तर जुनीवरचा निर्णय आपोआप झाला असता, मी केलेला नसता.

लेस्टरहून आणलेला झेंडू होता. गाडीचं मागचं एक चाक अजून काढलेलंच होतं, तशीच स्टँडवरच्या गाडीला हळदकुंकू लावलं आणि बॉनेटवर हार ठेवला. नऊ वर्षं दर दसऱ्याला घालतो तसाच.

२० नोव्हेंबर ते १ डिसेंबर

गाडी शेडमध्ये. तिसऱ्या दिवशी फोन आला, येऊन बघून जा म्हणाला. डावीकडचा बाहेरचा पदर कापला होता. मधल्या पदराचा खालचा निम्मा भाग शिल्लकच नव्हता, आतल्या पदराला हातभर चीर. पेटीच्या तळाशी ओल्या तपकिरी भुशाचा थर होता. तो त्यानं घमेल्यात काढून ठेवला होता. मी मूठभर उचलला. वजनदार होता. हाच माझ्या गाडीचा पत्रा.

भाव १,४२० पौंडांवर गेला. थांबायचं की पुढं जायचं, त्यानं मला विचारलं. शेडमध्ये उभ्या उभ्या हिशोब केला. अशी उघडी गाडी कुणी घेणार नाही, भंगारात गेली तर कायमची गेली. आणि चांगले असलेले इंजिन, गिअरबॉक्स, पुढचे दांडे, हे सगळं एका हातभर गंजापायी भंगारात घालणं मला पटलं नाही. पुढं जा म्हणालो.

काम बघण्यासारखं होतं. आतला पदर आधी, मग मधला, मग बाहेरचा, आणि प्रत्येक पदरानंतर दार लावून फट तपासायची. सिल कापलेली असताना गाडी वाकू शकते, म्हणून खाली पुरेसे आधार लावूनच त्यानं कापली होती. मी घाईनं ६०० पौंडांचं काम करून घेतलं असतं तर यातलं काहीच झालं नसतं.

घरी आल्यावर पोकळ भागात मेण मारायचं काम मी स्वतः केलं, लांब नळीच्या फवाऱ्यानं. मेण आणि नळी मिळून ४५ पौंड. मेण थंडीत घट्ट होतं, डबा आधी गरम पाण्याच्या बादलीत ठेवा. मी ठेवला नाही, अर्धं मेण नळीतच बसलं.

९ डिसेंबर, शनिवार

जॅझ घेतली. तीच नाही, ती विकली गेली होती. तशीच दुसरी, ५४,००० मैल, ४,९०० पौंड. घेण्याआधी सरकारच्या संकेतस्थळावर नंबर टाकून तिच्या सगळ्या जुन्या एमओटी वाचल्या. ते फुकट आहे. मग पानानं सिल ठोकली. विकणारा माझ्याकडं बघत राहिला. टण्ण.

आता घरी दोन गाड्या, जागा एकीची. जॅझ दारात, एमएक्स-५ रस्त्यावर, तीही त्याच फांदीखाली.

२० जानेवारी २०२४, शनिवार

आई-बाबा आले. बाबा चहा न घेता आधी बाहेर. हातमोजे काढले आणि बोटाच्या पेरानं सिल वाजवत चालत गेले. डावी, मग उजवी. खाली बसता येत नव्हतं, म्हणून मला झोपवून खालचे फोटो काढायला लावले आणि ते मोठे करून करून बघितले. "वेल्डिंग ज्यानं केलंय त्याला माझा नमस्कार सांग," म्हणाले.

नंतर त्यांना फेरी मारायची होती. बसले. उतरताना दोन्ही हात धरून उचलावं लागलं. मला वाईट वाटलं, त्यांना नाही. ते इंजिनाचा आवाज ऐकण्यात होते.

गाडी सुरू करायला मात्र जॅझवरून तारा जोडाव्या लागल्या होत्या. बॅटरी पडली होती. या गाडीत ती डिकीत असते आणि वायू बाहेर सोडायची नळी असलेलीच घ्यावी लागते, साधी बसवू नये. नवी ८५ पौंड.

१७ मार्च, रविवार

मुलगी झाली, तीन आठवड्यांची आहे. दवाखान्यातून जॅझमधून घरी आली. तिची आई शेजारी मागं बसली.

आज पहाटे तिला दूध पाजून झाल्यावर बायको म्हणाली, जा, फिरवून आण. फॉस वेनं खाली गेलो. तो रोमन लोकांनी आखलेला सरळसोट रस्ता. पुढं ए४२२ वर सनरायझिंग हिल. तिथली वळणं आली की मला नेहमी वाईचा पसरणी घाट आठवतो. तिथंच मी गाडी शिकलो, बाबांच्या शेजारी बसून. टप खाली होता, हवा दोन-तीन अंश. दुसऱ्यातून तिसऱ्यात गिअर नुसत्या मनगटानं पडतो. जेमतेम टनभर वजनाची गाडी, मागच्या चाकांवर ढकललेली, वळणात शिरताना तुमच्या कंबरेला आधी कळतं आणि डोक्याला नंतर. ज्यांनी ही गाडी घडवली ते याला जिंबा इत्ताई म्हणतात, घोडा आणि स्वार एक. नवी सिल झाल्यावर आधी खड्ड्यात जी थरथर व्हायची ती गेली होती. नऊ वर्षांत ती इतकी चांगली कधीच चालली नव्हती.

परत येऊन फांदीखाली लावली आणि सवयीनं भोकांत पाणी ओतलं. डावीकडं धार बारीक. दोरी घातली. कुजलेली पानं. तीन महिन्यांपूर्वीच साफ केलेली होती.

तिथं उभा राहून वही काढली. ९ डिसेंबरपासून आजपर्यंत गाडी पाच वेळा हलली, त्यातल्या दोन वेळा फक्त बॅटरीसाठी. उभी राहिली की ओल धरते, ब्रेक जाम होतात, पानं साठतात. जी गाडी वाचवायला मी हे सगळं केलं ती मी पुन्हा त्याच पद्धतीनं सडवायला लागलो होतो. पैशाचं ओझं म्हणाल तर उचलता आलं असतं. पुढची दोन-तीन वर्षं तिला आठवड्यातून एक दिवस देणं मला जमणार नाही, हे त्या बारीक धारेनं सांगितलं.

विकायचं ठरलं. सप्टेंबरात विकली असती तर भीतीनं विकली असती, आणि घेणारा तिला भंगारात घालणार होता. आज ती घ्यावी अशी गाडी आहे. म्हणून मी पुन्हा एकदा सांगतो, आधी उघडून नीट करा, मग ठरवा.

६ एप्रिल, शनिवार

जाहिरात दिली. सिल कापलेल्या अवस्थेतले फोटो, घमेल्यातला गंज, नवा पत्रा, सगळं घातलं. इंजिनाचा टायमिंग बेल्ट (आतला पट्टा) बदलायची वेळ जवळ आलीय हेही लिहिलं : शेवटचा ६२,००० मैलांना बदललेला आहे आणि तो ६०,००० मैलांनी बदलायचा असतो.

हिशोब : वेल्डिंग १,४२०, ब्रेक १८०, मेण ४५, बॅटरी ८५. एकूण १,७३० पौंड. मागितले २,७५०.

पहिल्यानं न बघता फोनवर १,८०० सांगितले. दुसरा आला, टपाची कड आणि चाकांचे ओरखडे दाखवत राहिला. त्यानं गाडीखाली एकदाही बघितलं नाही. त्याला नको म्हणालो.

१३ एप्रिल, शनिवार

रग्बीहून एक तरुण मुलगी आली, रात्रपाळी करून थेट. नर्स आहे. सोबत स्वतःचा टॉर्च आणि अंगाखाली घालायला चटई. गाडी चालवायच्या आधी ती वीस मिनिटं खाली होती. मग टप अर्धा उघडायला सांगितला आणि पन्हळ कुठं आहे ते मला न विचारता तिनं बोट ठेवलं. तिच्या घरी गॅरेज आहे. ही तिची एकच गाडी असणार आहे, रोज कामावर न्यायची.

२,६५० ला दिली. त्यातून १,७३० वजा केले तर ९२० उरतात, म्हणजे आहे तशी ८५० ला विकली असती त्यापेक्षा ७० पौंड जास्त. मधल्या महिन्यांचा विमा धरला तर तेही नाहीत. पैसे वाचवायला कुणी हा मार्ग घेऊ नये.

लॉगबुकची, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदाची, हिरवी चिठ्ठी फाडून तिला दिली. इथं रोड टॅक्स गाडीबरोबर जात नाही, तिनं तो तिथंच फोनवरून भरला. बाबा दारात उभे होते, नातीला खांद्यावर घेऊन.

शेवटी नायलॉनची दोरी दिली, टोक गोल केलेली, गुंडाळून रबर लावलेली. कशी घालायची ते दाखवायला लागलो तर ती म्हणाली, मी करते. बाटलीतून डावीकडं पाणी ओतलं. दोघंही वाकून बघत होतो. मागच्या चाकाच्या पुढं, रस्त्यावर, लगेच धार लागली. मग ती उजवीकडं गेली.